मोटारीच्या बाजूच्या काचांना सुरक्षा फिल्म लावायची आहे: किती जाडीची घ्यावी?

पाऊलवाट यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या महिन्यात सिग्नलला गाडी उभी असताना शेजारच्या सीटवरची माझी बॅग काच फोडून पळवली गेली. मी समोरच्या लाल दिव्याकडे पाहत होते. टक् असा बारीकसा आवाज झाला, दणका म्हणावा असा तो मुळीच नव्हता. मान वळवेपर्यंत खिडकीच्या जागी नुसती चौकट उरली होती, आत आलेल्या हाताने बॅगेचा पट्टा धरला होता, आणि पुढच्या क्षणी तो हातही दिसेनासा झाला. सारा प्रकार तीन-चार सेकंदांत आटोपला. नवी काच त्याच आठवड्यात बसली. मात्र सीटच्या रुळांमधून आणि हँडब्रेकच्या फटीतून मण्यांएवढे तुकडे अजूनही निघत आहेत. मागच्या सीटवर माझा धाकटा मुलगा झोपलेला होता. त्याच्या केसांतून काचेचे कण वेचायला मला त्या दिवशी अर्धा तास लागला, आणि बॅगेपेक्षा ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता बाजूच्या काचांना सुरक्षा फिल्म, म्हणजे काचेला आतून चिकटवायचा प्लास्टिकचा पडदा, लावून घ्यावी असे ठरवले आहे, परंतु चौकशीला गेल्यावर गोंधळ वाढला. एका ठिकाणी १०० मायक्रॉनची (मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी) फिल्म पुरेशी आहे असे सांगितले, दुसऱ्या ठिकाणी २०० मायक्रॉनखाली काहीही लावणे व्यर्थ आहे असे ठामपणे सांगण्यात आले आणि लोखंडी चौकटीत बसवलेल्या एका सपाट काचेवर हातोडीचे आठ-दहा घाव घालून दाखवले गेले. काच पूर्ण तडकली तरी आरपार भोक पडले नाही, हे मी स्वतः पाहिले. तरीही दाराच्या काचेत आणि त्या चौकटीतल्या काचेत काही फरक असणार, अशी शंका मनात आहे.

जाडी नेमकी कशावरून ठरवावी? फिल्म गडद असली म्हणजे अधिक मजबूत असते का? केवळ पुढच्या दोन दारांना लावून भागेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

काचकाम यांचे उत्तर

मी अनेक वर्षे काचांना फिल्म लावण्याचे काम करतो, आधी इमारतींच्या आणि नंतर मोटारींच्या. आपली शंका अगदी योग्य ठिकाणी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मोटारीच्या पुढच्या काचेत दोन पातळ काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे ती तडकली तरी जागेवर राहते. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांमध्ये टफन्ड असतात. ३ ते ५ मिलिमीटरची ही काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असते; त्यामुळे तिचा पृष्ठभाग सतत दाबाखाली आणि गाभा सतत ताणाखाली राहतो. सपाट तळव्याने कितीही जोरात मारले तरी ती सहसा फुटत नाही, परंतु एखाद्या कठीण टोकाने पृष्ठभागाचा दाबाखालचा थर एका बिंदूवर जरी भेदला, तरी आतला साठलेला ताण एकदम मोकळा होतो आणि तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने सगळ्या काचेभर धावतो. आपण ऐकलेला टक् असा आवाज तोच होता. फोडणाऱ्याच्या हातात जोर असावा लागत नाही, म्हणूनच हा प्रकार इतका सोपा झाला आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोणतीही फिल्म ही काच फुटू नये म्हणून काही करू शकत नाही. काच तेवढ्याच सहजतेने फुटणार. फरक एवढाच, की फुटल्यावर ते हजारो तुकडे आतल्या बाजूच्या पॉलिएस्टरच्या पडद्याला चिकटून राहतात आणि खिडकीत एक लवचीक, खडबडीत चादर उभी राहते. चोराला आता ती चादर फाडावी, कापावी किंवा चौकटीतून आत ढकलावी लागते. आपण विकत घेतो ते हे जास्तीचे काही सेकंद. सिग्नलला उभ्या गाडीत ते सेकंद फार मोलाचे असतात, कारण त्या वेळात आपण गाडी पुढे काढू शकतो, हॉर्न दाबू शकतो, आणि चोरालाही तिथे रेंगाळणे परवडत नाही.

आता जाडीविषयी. काच गडद करणारी साधी टिंट फिल्म ४० ते ५० मायक्रॉनची असते. सुरक्षा फिल्म १०० मायक्रॉनपासून सुरू होते; काही ठिकाणी हीच जाडी ‘४ मिल’ म्हणून सांगतात, कारण एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन. चांगल्या पॉलिएस्टरच्या १०० मायक्रॉन फिल्मची एक सेंटिमीटर रुंद पट्टी कापून ओढली, तर ती १५ किलोच्या आसपास भार सहन करते. संपूर्ण काचेची रुंदी विचारात घेतली, तर हाताने किंवा कोपराने ती सरळ फाटेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात मी ज्या फुटलेल्या काचा उतरवल्या, त्यांतील फारच थोड्या मध्यावर फाटलेल्या होत्या. बहुतेक काचा कडेने निसटलेल्या होत्या: वरच्या कोपऱ्यापासून सुटून, अख्खी चादर दुमडून आत ढकललेली. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की जाडीपेक्षा कडेला आधी महत्त्व द्यावे.

आपल्याला दाखवलेल्या प्रात्यक्षिकात काच चारही बाजूंनी घट्ट धरलेली होती. युरोपात घरफोडीरोधक काचांसाठी ईएन ३५६ हे मानक वापरतात, त्यात ४.११ किलोचा पोलादी गोळा काचेवर सोडतात, पी१ए या सर्वांत खालच्या श्रेणीसाठी दीड मीटरवरून आणि पी२ए साठी तीन मीटरवरून, प्रत्येकी तीनदा. त्या चाचणीतही नमुना सपाट, ११०० बाय ९०० मिलिमीटरचा आणि चारही कडांनी आवळलेला असतो. दाराची काच मात्र वक्र असते, वर-खाली सरकते, बाजूंना केवळ रबरी खोबणीत बसलेली असते आणि तिची वरची कड तर रबरात नुसती टेकलेली असते. त्यामुळे विक्रेत्याने अशा मानकाचे प्रमाणपत्र पुढे केले, तर ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. ते आपल्या दाराविषयी फारसे काही सांगत नाही, एवढेच. ईएन १२६०० चे प्रमाणपत्र दाखवले, तर ती चाचणी माणूस काचेवर आदळल्यास काय होते याची आहे, चोरीची नाही.

कडेचे काम नीट झाले की नाही हे ओळखण्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. काच दोन-चार बोटे खाली घ्या आणि वरची कड उजेडासमोर धरा: फिल्म आणि काचेची कड यांत एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त मोकळी पट्टी दिसता कामा नये. बाजूंना फिल्म रबरी खोबणीच्या आतपर्यंत गेलेली असावी. खाली, दाराच्या पत्र्यापाशी जिथे काच आत शिरते, तिथे अनेक कारागीर पत्र्याच्या रेषेवरच फिल्म कापून मोकळे होतात, कारण दाराचे आतले पॅनेल सैल करण्याचा त्रास वाचतो. तिथे फिल्म त्या रेषेखाली आणखी काही सेंटिमीटर उतरवलीच पाहिजे. नाहीतर खालून ती कशालाच धरलेली राहत नाही.

आता लक्षात येईल, की २०० मायक्रॉन नेहमीच श्रेष्ठ का ठरत नाही. जाड फिल्म वक्र काचेवर बसवताना हीट गनने आकसवावी लागते. जितकी जाड, तितकी ती कमी वळते आणि कडेला चुण्या पडतात. त्या चुण्या टाळण्यासाठी कारागीर कडेला जास्त मोकळी जागा सोडतो, म्हणजे मजबूत चादर घेऊन तिची पकड आपणच कमी करतो. शिवाय जाड फिल्म खोबणीत घासते आणि काच वर चढताना अडखळते. सरकत्या काचांना मी १०० ते १२५ मायक्रॉन सुचवतो. मागच्या दाराजवळची छोटी तिकोनी काच चौकटीला कायमची चिकटवलेली असते. तिथे २०० मायक्रॉन अवश्य लावावी, आणि ती काच विसरू नये. मोठ्या काचांना फिल्म आहे असे दिसले की चोराचे लक्ष त्या छोट्या काचेकडे जाते, आणि तेथून हात घालून दाराची कडी उघडता येते. केवळ पुढच्या दोन दारांना लावून भागेल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

माहितीपत्रकात जाडीबरोबर चिकटद्रव्याची पकड दिलेली असते, ती जरूर वाचा. जाडी सारखीच असली तरी ज्या फिल्मचे तुकडे धरून ठेवण्याचे बळ अधिक, ती घ्यावी. आधीची टिंट असेल तर ती पूर्ण काढून, काच ब्लेडने खरवडून, मगच नवी लावावी. जुन्या टिंटवर सुरक्षा फिल्म चढवली, तर सगळी भिस्त त्या जुन्या पातळ थराच्या गोंदावर राहते.

गडदपणाचा आणि बळाचा काही संबंध नाही. पूर्ण पारदर्शक फिल्मही तेवढीच मजबूत असते. गडद फिल्ममुळे आतली वस्तू दिसत नाही एवढा फायदा आहे, परंतु काचेतून किती प्रकाश आत आला पाहिजे याचे नियम बहुतेक देशांत आहेत आणि ते काच व फिल्म मिळून मोजले जातात. कंपनीची काचच मुळात ७८ टक्के प्रकाश सोडत असेल आणि फिल्म ९० टक्के, तर गुणाकार ७० टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे पारदर्शक म्हणून विकलेली फिल्मही ७० टक्क्यांची अट असलेल्या ठिकाणी अगदी काठावर येऊन थांबते. आधी यंत्राने आपली काच मोजून घ्या. धातूचा मुलामा असलेली फिल्म टाळा, कारण तिच्यामुळे जीपीएस, मोबाइल आणि टोलच्या टॅगचे संकेत क्षीण होऊ शकतात.

दूरदिवा यांचे उत्तर

काचकाम यांनी कडेविषयी जे लिहिले आहे, ते मी स्वतःच्या गाडीवर अनुभवले आहे. माझ्या गाडीला २०० मायक्रॉनची फिल्म होती. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून मी काच बोटभर उघडी ठेवून गाडी उभी करत असे. काच फोडणाऱ्याने त्या फटीत बोटे घातली आणि सगळी चादर पुस्तकाचे पान उलटावे तशी खाली ओढली. फिल्मला कुठेही चीर नव्हती. ती पूर्ण शाबूत, तुकड्यांसकट, दाराबाहेर लोंबत होती.

तेव्हा फिल्म लावल्यावर काच पूर्ण बंद ठेवणे ही अट समजावी. उभ्या, रिकाम्या गाडीच्या बाबतीत चोराला वेळेचीही चिंता कमी असते, त्यामुळे तिथे फिल्म एकटी पुरत नाही. पहिल्या आघातालाच वाजणारा अलार्म तिच्या जोडीला हवा, म्हणजे फिल्मने मिळवून दिलेला वेळ त्याला भोंग्याच्या आवाजात काढावा लागतो. आणि सीटवर काहीही दिसता कामा नये. मोबाइलची चार्जिंगची वायरसुद्धा नाही, कारण वायर दिसली की मोबाइल खणात असेल असे गृहीत धरले जाते.

दोरखंड यांचे उत्तर

मी बचावकार्याच्या पथकात स्वयंसेवक आहे, आणि या चर्चेत एक बाजू अजून आलेली नाही ती मांडणे मला माझे कर्तव्य वाटते. जी चादर चोराचा हात आत येऊ देत नाही, तीच अपघातात आपल्यालाही बाहेर पडू देत नाही.

अमेरिकेतील एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ साली काच फोडण्याची सहा आपत्कालीन साधने तपासली. त्यांपैकी चार साधनांनी टफन्ड काच फोडली, परंतु लॅमिनेटेड, म्हणजे पुढच्या काचेसारख्या मध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या, काचेतून वाट काढणे एकाही साधनाला जमले नाही. फिल्म लावलेली टफन्ड काच म्हणजे लॅमिनेटेड काच नव्हे, हे मी मान्य करतो. ती आधी फोडून मग दोन्ही पायांनी कोपऱ्यात रेटली, तर सुटू शकते, आणि रस्त्यावरच्या अपघातात तेवढा वेळ बहुधा मिळतो. पाण्यात पडलेल्या गाडीत मात्र तो मिळत नाही, शिवाय बाहेरचे पाणी काचेला आतल्या बाजूला दाबत असल्यामुळे ती बाहेर ढकलणे फार कठीण जाते.

आपल्या गाडीत लहान मूल असते, म्हणून कळकळीने सांगतो. गाडी पाण्यात गेली तर फोन लावत बसू नये आणि दार उघडण्याचा प्रयत्न करू नये. पट्टे सोडावेत, पाणी काचेपर्यंत चढण्याआधी बटणाने काच खाली घ्यावी, आधी मुलाला आणि मग स्वतः बाहेर पडावे. हे सगळे पहिल्या मिनिटाभरात व्हायला हवे. माझी सूचना अशी, की मागची मोठी काच फिल्मविना ठेवावी. तिच्यावर गरम तारांच्या रेषा असल्याने पुढे फिल्म काढताना त्या उखडण्याचा धोका असतोच. त्यापेक्षा डिकीत काही न ठेवण्याची सवय लावून ती काच मोकळी वाट म्हणून राखावी. पट्टा कापण्याचे आणि काच फोडण्याचे साधन बसल्या जागेवरून हाताला लागेल असे बांधून ठेवावे, खणात टाकू नये. दारांच्या काचा लॅमिनेटेड आहेत की टफन्ड, हे काचेच्या कोपऱ्यातल्या छापावरून आजच पाहून घ्यावे. अलीकडच्या काही गाड्यांमध्ये पुढच्या दारांना लॅमिनेटेड काच कंपनीच देते, आणि तशी असेल तर तिथे फिल्मचा खटाटोप अनावश्यक आहे.

पाऊलवाट यांचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. संध्याकाळी विजेरी घेऊन प्रत्येक काचेचा कोपरा पाहिला. चारही दारांना आणि दोन्ही छोट्या काचांना टफन्ड असेच छापलेले आहे. मागच्या दोन दारांवर गाडी घेतल्यापासूनची जांभळट पडलेली टिंट आहे, ती मी जवळजवळ विसरलेच होते. ती आता काढून टाकेन.

दोरखंड यांनी लिहिलेले वाचून मी बराच वेळ विचार केला. मुलाच्या बाजूच्या काचेला फिल्म लावावी की नाही, हे ठरत नव्हते. शेवटी लावण्याचे ठरवले, कारण काच फुटून त्याच्या अंगावर पडणे हे माझ्या रोजच्या रस्त्यावर घडू शकते, घडलेही आहे. मागची काच मात्र मोकळी ठेवेन, आणि पट्टा सोडून मागच्या बाजूने बाहेर कसे पडायचे हे मुलाकडून दोन-तीनदा करून घेईन.

एक शंका राहिली. नवी काच बसवल्यापासून त्या दाराची काच खाली घेताना बारीक करकर ऐकू येते. याचा फिल्मशी काही संबंध येईल का?

काचकाम यांचे उत्तर

फार मोठा संबंध येईल, आणि आपण विचारलेत हे बरे झाले. काच फुटली तेव्हा तिचा निम्मा चुरा दाराच्या पोकळीत पडला. त्यातले काही कण काच जिथे आत शिरते तिथल्या लवदार पट्टीत अडकून बसले आहेत आणि काच सरकताना तेच घासत आहेत. काचेला त्याने पुसटसा ओरखडा पडेल. फिल्मवर मात्र काच खाली घेण्याच्या प्रत्येक वेळी उभी रेघ उठेल. फिल्म लावण्याआधी आतले पॅनेल उतरवून घ्या, दाराच्या तळातला चुरा व्हॅक्यूमने ओढून काढायला सांगा, आणि ती लवदार पट्टी झटकून भागणार नाही, ती बदलूनच घ्या. पॅनेल उतरलेले असतानाच फिल्म लावली, तर खालची कड पत्र्याच्या रेषेखाली उतरवण्याचे कामही त्याच वेळी नीट होईल.

लावल्यानंतर आठवडाभर काच खाली घेऊ नका. पहिले काही दिवस आत धुरकटपणा आणि पाण्याचे बारीक फुगे दिसतील, ते बोटाने दाबू नका. १०० मायक्रॉनच्या फिल्मचा गोंद पूर्ण धरायला साधारण महिना लागतो, थंडीत त्याहून जास्त. तोपर्यंत तिच्यावर विसंबून बॅग सीटवर ठेवू नये, आणि खरे तर त्यानंतरही ठेवू नये. ती पायांपाशी, सीटच्या खाली असू द्यावी.